खिडकीपर्यंतची सोबत

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या आणि अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत कधीकधी दोन माणसे एकाच कामासाठी उलट दिशांना निघालेली असतात. दोघांना हवी असलेली गोळी एकच असते. ती अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, फुकट मिळते आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातही फुकटच मिळते. तरीही अमरावतीचा माणूस शंभरेक किलोमीटर पश्चिमेला जातो आणि अकोल्याचा तेवढाच पूर्वेला येतो. अशी माणसे मला दोन्ही बाजूंनी भेटली. कारण विचारले तर दोघांचे उत्तर अगदी सारखे होते : "तिकडे मले कोनी वयखत नाही."

गेली काही वर्षे एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी, एआरटी केंद्रांतल्या समुपदेशकांशी आणि वस्त्यांतून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांशी बोलत मी या दोन जिल्ह्यांतून हिंडले. त्यातल्या कोणाचेही नाव या लेखात नाही, गावही नाही. आपल्याकडे 'अमुक तालुक्यातली शिवणकाम करणारी बाई' एवढे लिहिले तरी चहाच्या टपरीवर तिचे घर निघते. मला शोधायचे होते ते इतकेच, की औषध फुकट आहे, चांगले आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तरी माणसे उशिरा का येतात आणि आलेली मधेच का सोडतात? आणि जी टिकतात ती कशाच्या बळावर टिकतात?

आधी औषधाबद्दल थोडे सांगते, कारण पुष्कळ सुशिक्षित वाचकांच्या मनातला एचआयव्ही अजून १९९५ सालचाच आहे.

हा विषाणू रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. रोगप्रतिकाराच्या कामावरच्या या मुकादम पेशी. मुकादमच उरले नाहीत की कामगार असून काम होत नाही, तसे शरीराचे होते आणि क्षयासारखे आजार आत शिरतात. भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. तो शोधणाऱ्या चमूच्या प्रमुख डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने एचआयव्हीसाठीचे केंद्र काढले. ज्या काळात डॉक्टर मंडळी अशा रुग्णाला हात लावायला तयार नसत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ रोजी. देशभरात मिळून आठ सरकारी रुग्णालये होती, त्यांत मुंबईचे जे. जे. होते. वऱ्हाडातल्या माणसाला तेव्हा फुकट औषधासाठी बडनेऱ्याहून गाडी धरून साडेसहाशे किलोमीटरांवर जायला लागे. हळूहळू केंद्रे जिल्ह्यांत आली, त्यांची उपकेंद्रे तालुक्यांत गेली. सुरुवातीला सीडी-फोरचा आकडा खाली घसरल्याशिवाय औषध सुरू करत नसत. एप्रिल २०१७ पासून ते धोरण बदलले आणि निदान झाले की औषध सुरू, असा नियम आला. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. वर्षातून एकदा रक्तातल्या विषाणूंची मोजणी होते, तिला 'व्हायरल लोड' म्हणतात.

या मोजणीतच मोठी बातमी दडलेली आहे. गोळी नेमाने घेणाऱ्याच्या रक्तातले विषाणू काही महिन्यांत इतके कमी होतात की तपासणीत सापडतच नाहीत. ज्याच्या तपासणीत विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हा दिलासा देण्यासाठी काढलेला उपदेश नाही, मोजून पाहिलेली गोष्ट आहे. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांवर अनेक देशांत मिळून जो मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्यातली जोडपीही होती. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ मध्ये पुढे आले. नंतर युरोपात पुरुष-पुरुष जोडप्यांचा पाठपुरावा झाला. त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला : ७८२ जोडपी, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. गरोदरपणाचेही तसेच. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. नीट उपचार घेतले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो.

अकोल्यातल्या एका समुपदेशक ताईंनी मला सांगितले की हे वाक्य, 'तुमच्यापासून तुमच्या नवऱ्याला होणार नाही', पहिल्यांदा ऐकल्यावर बायका हसत नाहीत, रडतात. मग घरी जाऊन ते कोणाला सांगत नाहीत. सांगायचे म्हणजे आधी आजार सांगावा लागतो.

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांपैकी जवळपास ४ लाख महाराष्ट्रात आहेत, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. नव्या लागणी २०१० पासून ४० टक्क्यांहून अधिक घटल्या आहेत. पण सरासरीच्या आत डोकावले की चित्र बदलते. प्रौढ लोकसंख्येत लागणीचे प्रमाण ०.२ टक्के आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ते पावणेदोन ते दोन टक्क्यांच्या दरम्यान, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आणि तृतीयपंथीयांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास आढळले. ज्यांना दवाखान्याच्या दारात शिरणेच सर्वांत अवघड, त्यांनाच दवाखान्याची सर्वांत जास्त गरज आहे.

कोण कुठे पाहते

कलंक हा शब्द फार मोठा आहे. प्रत्यक्षात तो लहानलहान जागी बसलेला असतो. रुग्णालयात तो पाटीवर असतो : या खोलीपुढे कोण उभे राहते ते सगळ्यांना माहीत. कधी तो बाकावर असतो, तिथे शेजारच्या गावची आशाताई भेटते आणि विचारते, "तू इथं कशी वं?" गोळ्यांच्या डबीत तर तो आवाजाच्या रूपात असतो. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी पिशवीत वाजते. एक मुलगी मला म्हणाली की बसमध्ये खड्डा आला की तिच्या पोटात गोळा येतो. पुष्कळजण गोळ्या डबीतून काढून कागदात किंवा साध्या पिशवीत बांधतात. ते करू नये, ओलाव्याने गोळी खराब होते. पण डबीत कापसाचा बोळा घातला की आवाज थांबतो, ही युक्ती डॉक्टरांना सुचलेली नाही, रुग्णांनीच एकमेकांना शिकवली आहे.

सरकारी मदतीतही तो असतो, आणि याबद्दल मला राग आहे. एचआयव्हीबाधितांना एसटीच्या प्रवासात सवलत आहे. योजना चांगल्या मनाने केलेली आहे. पण ती घ्यायची तर भरलेल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवायला लागते, आणि कंडक्टरने "कशाचं कार्ड हाय?" असे मोठ्याने विचारले की सवलत संपली. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी ते कार्ड घरीच ठेवले होते. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कागद तलाठ्याकडून तहसीलपर्यंत फिरतो. बाई विधवा असेल तर पुष्कळदा ती 'विधवा' म्हणून अर्ज करते आणि दुसरे कारण लिहीतच नाही. हे शहाणपण आहे. गावाला एक दुःख सांगून दुसरे झाकायचे.

तृतीयपंथीयांचे दुखणे याच्याही आधी सुरू होते, केसपेपरच्या खिडकीवर. रांग कोणती, पुरुषांची की बायकांची? नाव कोणते, आधार कार्डावरचे की डेऱ्यावरचे? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१९ मध्ये कायदाही झाला, पण खिडकीमागचा माणूस हसला की निकालपत्र हातात असून उपयोग नसतो. अमरावतीतल्या एका तृतीयपंथी ताईने मला सांगितलेला प्रसंग साधाच आहे. ताप होता म्हणून ती एका दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी नाडी न पाहता पहिला प्रश्न विचारला, "तपासणी केली का?" कोणती तपासणी ते सांगायची गरजच नव्हती. तिची तपासणी झालेली होती, नकारात्मक होती. ती उठून आली आणि पुढची दोन वर्षे कुठल्याच दवाखान्यात गेली नाही. असे किती ताप अंगावर काढले जात असतील, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

वऱ्हाडाची जुनी शिकवण

रोगामुळे माणसाला वेशीबाहेर काढणे आणि त्याला जवळ करणे, या दोन्ही गोष्टी वऱ्हाडाने फार जवळून पाहिल्या आहेत. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केले आणि अमरावतीच्या सीमेवर तपोवन उभे केले. तिथे रुग्णांनी विणकाम-सुतारकाम केले, संसार केले. भीक मागणाऱ्या हाताला हातमाग मिळाला. गाडगेबाबा त्याही आधी पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत होते आणि परगावच्या लोकांसाठी धर्मशाळा बांधत होते. आजाऱ्याला औषध लागते तशी टेकायला जागाही लागते आणि कोणीतरी 'जेवलास का?' विचारायला लागते, हे त्यांना शाळेत न जाता कळले होते.

पण एचआयव्हीच्या बाबतीत तपोवनाचा नमुना जसाच्या तसा घ्यावा असे मला वाटत नाही. तपोवन हे त्या काळाच्या प्रश्नाचे उत्तर होते. कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते, घरादाराने टाकलेल्या माणसाला जगायला दुसरे गाव वसवण्यावाचून मार्ग नव्हता. एचआयव्हीवर आज असे औषध आहे की ते घेणारा माणूस शेतात राबू शकतो, लग्न करू शकतो, पोरे वाढवू शकतो. त्याला वेगळे गाव कशाला? अनाथ मुलांची गोष्ट निराळी. अकोल्यात मलकापूरचे सूर्योदय बालगृह, पंढरपूरची मंगलताई शहांची पालवी, लातूरजवळ हासेगावचे रवी बापटले यांचे सेवालय, अशा संस्थांनी आई-बाप गेलेल्या मुलांना घर दिले. ते आवश्यकच होते. मात्र आपल्या समाजाची एक खोड आहे. आश्रमात वाढदिवसाला जेवण द्यायला आपण आनंदाने जातो, फोटो काढतो. त्याच आश्रमातून मोठा झालेला मुलगा भाड्याने खोली मागायला आला की आपली खोली 'आताच गेली' असते.

वेगळे ठेवण्याचे दुसरे टोकही आपल्या शेजारी घडलेले आहे. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्हीची लागण आहे म्हणून पोलिसांनी उचलले आणि एका जुन्या क्षय-आरोग्यधामात ६४ दिवस एकट्याला डांबले. कायद्यानेच तशी मुभा दिली होती. त्याने नियमितपणे रक्तदान केले होते, त्यातूनच लागण उघडकीस आली. सुटल्यावर त्याने लपून न राहता एचआयव्हीबाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला. करुणेने वेगळे ठेवा किंवा भीतीने, आत राहणाऱ्याला भिंत सारखीच दिसते.

मग वेगळे न काढता आधार द्यायचा तो कसा? याचे उत्तर महाराष्ट्रात सांगलीच्या बायकांनी दिले. १९९२ मध्ये मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संग्राम' सुरू केले. सुरुवातीलाच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गोकुळनगरसारख्या वस्तीत बाहेरून आलेल्या ताईने निरोधबद्दल भाषण देण्यापेक्षा वस्तीतल्याच बाईने शेजारणीच्या हातात निरोध ठेवला तर तो वापरला जातो. देहविक्रय करणाऱ्या बायकाच वाटप करू लागल्या, दवाखान्यात सोबत जाऊ लागल्या, पोलिसांशी भांडू लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच सुमारास हेच पाहिले होते. पुढे सरकारी कार्यक्रमानेही ही पद्धत उचलली. आज लक्ष्यगट प्रकल्पांमध्ये 'समवयस्क शिक्षक' असतात ते याचेच रूप. शब्द फारच शाळकरी आहे. प्रत्यक्षात ती असते एखादी ताई, दीदी, नाहीतर 'आपला भाऊ'.

सोबत म्हणजे नेमके काय

अमरावती-अकोल्यात नागपूरच्या गंगा-जमुनासारखी एका जागी एकवटलेली वस्ती कार्यकर्त्यांना सापडत नाही. काम विखुरलेले आहे : लॉजवर, मोबाईलवर, घरातून, महामार्गावरच्या ढाब्यांच्या आसपास. (हा तोच रस्ता, ज्याचे अमरावती-अकोला दरम्यानचे ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तासांत करून जागतिक विक्रम झाला. रस्ता झाला त्या वेगाने माणसांची मने बदलली असती तर या लेखाची गरज नव्हती.) पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष तर बहुतेक लग्न झालेले, पोराबाळांचे, गावात मान असलेले. त्यांची वस्ती नाही, पाटी नाही. त्यांच्यापर्यंत पोचणारा माणूस त्यांच्यातलाच लागतो.

असा एक भाऊ मला आपल्या कामाचा दिवस सांगत होता. नव्याने निदान झालेल्या माणसाला तो पहिल्या खेपेला कधीच एकटा पाठवत नाही. आदल्या रात्री फोन करतो : सकाळी नाश्ता करून या, आधार कार्ड आणा, मोबाईल चार्ज करून आणा, दिवस जाईल. केसपेपर तो स्वतः काढतो. मग समुपदेशन, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, डॉक्टर, औषधाची खिडकी. पाच दारे. नव्या माणसाला पाचही दारांवर वाटते की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. भाऊ त्याच्याशी कपाशीच्या भावाबद्दल, क्रिकेटबद्दल बोलत राहतो. "आजाराबद्दल म्या त्या दिवशी एक शब्द बोलत नाही," तो म्हणाला. "तो मायासंग हासला ना, की मंग तो दुसऱ्या खेपेले येते."

खरी परीक्षा पहिल्या पंधरवड्यात असते. काहींना गोळीने झोप लागत नाही, काहींना चमत्कारिक स्वप्ने पडतात, मळमळते. डॉक्टरांनी हे सांगितलेले असते, पण ते पाच मिनिटांत आणि दहा सूचनांच्या गर्दीत. रात्री अकरा वाजता घाबरलेला माणूस डॉक्टरला फोन करत नाही, भावाला करतो. भाऊ म्हणतो, मलाही पहिले आठ दिवस असेच झाले होते. 'मलाही' हा शब्द त्याच्याकडे आहे आणि तो पगारी तज्ज्ञाकडे नाही. माझ्या मते सगळ्या सोबतीचे मर्म त्या एका शब्दात आहे.

पण या सोबतीलाही अडचणी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. भाऊ ओळखीचा झाला की त्याच्यासोबत दिसणे हीच खूण होते. म्हणून रुग्णालयाच्या आवारात काहीजण त्याच्यापासून दहा पावले मागे चालतात आणि तो मागे वळून पाहत नाही. गावातल्या माणसाला औषध पोचवायचे असेल तर घरी न जाता आठवडी बाजाराचा दिवस धरतात. बाजारात पिशवी घेऊन कोणीही कोणालाही भेटू शकते. व्हॉट्सअॅपचा गट काढला तर एकाने चुकून दुसरीकडे पाठवलेल्या निरोपाने सगळ्यांची झोप उडते, म्हणून जुने कार्यकर्ते अजून फोनवरच बोलतात. आणि मानधन? ते सांगायलाही संकोच वाटतो इतके कमी आहे. प्रकल्पाचा करार संपला की दहा वर्षांची विश्वासाची ओळख असलेला माणूस दुसऱ्या दिवशी भाजीची गाडी लावतो आणि त्याच्या भरवशावर आलेले लोक हळूहळू दिसेनासे होतात. केंद्राच्या भाषेत त्यांना 'पाठपुराव्यातून सुटलेले' म्हणतात. सुटलेला हात कोणाचा होता, ते त्या रकान्यात येत नाही.

तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात सोबतीची रीत निराळी आहे. तिथे गुरूचा शब्द चालतो. गुरूने चेल्याला 'जा, तपासून ये, मी आहे' म्हटले की अर्धे काम झाले. गुरूने डोळे वटारले की चेला गोळ्या लपवतो किंवा फेकतो. त्यामुळे शहाणे कार्यकर्ते आधी गुरूकडे जातात, चहा पितात, चार खेपा काहीच बोलत नाहीत. एका डेऱ्यावर तर गुरूनेच भिंतीवरच्या घड्याळाखाली सगळ्यांच्या गोळ्यांचा डबा ठेवला आहे. रात्री साडेनऊला ती आवाज देते. ज्यांना लागण नाही त्याही एक पांढरी गोळी उचलतात, कॅल्शियमची. पाहुण्याला कळू नये कोण कशाची घेते. संस्थांच्या अहवालात अशी युक्ती मला कुठे वाचायला मिळाली नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, राज्यात दुसरी लाट यायच्या आधीच अमरावतीत टाळेबंदी लागली. देशभर तोवर एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या द्यायला परवानगी मिळालेली होती, पण ज्यांची तारीख नेमकी त्या दिवसांत येत होती त्यांचे काय? दुचाकीवर डब्या पोचवणारे त्या वेळी हेच लोक होते. पोलिसाने अडवले तर 'बीपीच्या गोळ्या' म्हणून सांगायचे. त्या काळात एक विलक्षण गोष्ट झाली, असे त्यांच्यातल्या एकीने सांगितले : सारे जगच आजाराला भिऊन एकमेकांपासून लांब उभे राहिले आणि पहिल्यांदा आपण एकटे नाही असे वाटले.

कायदा हाताशी असावा

खासगी रुग्णालयांचा विषय काढला की बोलणे लांबते. एका तालुक्याच्या ठिकाणी गर्भपिशवीचे ऑपरेशन ठरलेल्या बाईला, तपासणीचा कागद आल्यावर, 'आमच्याकडे सोय नाही, नागपूरला न्या' म्हणून सांगितले गेले. आदल्या दिवशीपर्यंत सोय होती. शस्त्रक्रियेत घ्यायची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असते. हातमोजे, निर्जंतुक साधने ही एचआयव्हीसाठी वेगळी लागत नाहीत. आणि माहीत असलेल्या, औषधावर असलेल्या रुग्णापेक्षा माहीत नसलेला रुग्ण जास्त धोक्याचा, हे कोणताही सर्जन खासगीत कबूल करेल.

अशा वेळी सोबतच्या माणसाला कायदा ठाऊक असला तर फरक पडतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचे घर यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची लागण दुसऱ्याला सांगता येत नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. नवरा गेल्यावर सासरहून हाकललेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना या एका कलमाचा आधार आहे, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलेले नाही. २० किंवा त्याहून जास्त माणसे काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमायला हवा. राज्याच्या लोकपालाकडे तक्रार गेली तर ३० दिवसांत आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. न्यायालयात आपले नाव झाकून लढता येते. ही सोय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या वीस वर्षे आधीच दिली होती. १९९७ मध्ये केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारलेला एक रोजंदारी कामगार सार्वजनिक उपक्रमाविरुद्ध जिंकला. निकालपत्रात त्याचे नाव नुसते 'एमएक्स' असे आहे.

त्या ऑपरेशनच्या बाईसोबत गेलेल्या ताईने भांडण केले नाही. तिने काउंटरवर शांतपणे एवढेच विचारले, "तुमचे तक्रार अधिकारी कोण आहेत? नाव लिहून द्या." पाऊण तास धावपळ झाली. ऑपरेशन तिथेच झाले, चार दिवस उशिरा.

आता दिवाळी सरली की मेळघाटातली कोरकू कुटुंबे कामासाठी खाली उतरू लागतील. काही वऱ्हाडात, काही पार परराज्यात. ती परतायची होळीला. त्यांच्यातल्या औषधावर असलेल्यांसाठी धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरांच्या आसपास, घाटातून. म्हणून कार्यकर्त्यांची सध्या घाई आहे : निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या का, एआरटीचे पुस्तक कपड्यांच्या बोचक्यात ठेवले का. मधेच गोळ्या संपल्या तर देशातल्या दुसऱ्या कोणत्याही एआरटी केंद्रात ते पुस्तक दाखवून तात्पुरता साठा मिळतो, आणि १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून जवळचे केंद्र विचारता येते. ज्याला वाचता येत नाही त्याला कार्यकर्ते तो आकडा पाठ करायला लावतात. एक, शून्य, नऊ, सात.